चेहरा बाळाचा, सही कोणाची?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आपण रेडिओवर भेटतोय, तेव्हा सुरुवातही रेडिओवरच्याच एका बाळापासून करू. ज्यांच्या घरी मर्फीचा रेडिओ होता, त्यांना ते बाळ आठवत असेल. गोबरे गाल, टपोरे डोळे आणि ओठांशी धरलेलं एक बोट. दुकानाच्या पाटीवर तेच, कॅलेंडरवर तेच, वर्तमानपत्रात तेच. २०१२ साली 'बर्फी' नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यातल्या नायकाचं नावच त्याच्या आईबापांनी मर्फी ठेवलेलं दाखवलंय. इतकं ते बाळ घराघरातलं झालं होतं. पण त्या बाळाचं नाव काय होतं, त्याच्या फोटोचे पैसे कोणाला मिळाले, कागदावर सही कोणी केली, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारलं का? चित्र सगळ्यांना पाठ, मूल मात्र फारसं कोणाला ठाऊक नाही.

आज हा विषय काढायचं कारण तुमच्या मोबाईलमध्येच आहे. 'तुमचं बाळ गोड आहे? त्याला मॉडेल बनवा. फोटो पाठवा, नोंदणी करा.' अशा जाहिराती आता मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत, तालुक्याच्या गावापर्यंत आल्यात. मग आपल्या मैत्रिणी विचारतात, ताई, यातली चांगली एजन्सी कोणती? मी इथे कोणत्याही एजन्सीचं नाव घेणार नाही. मी तुम्हाला सव्वाशे-दीडशे वर्षांची एक गोष्ट सांगणार आहे. ज्या मुलांचे चेहरे साबणाला, बिस्किटाला, सिनेमाला कामी आले, त्यांची गोष्ट. एजन्सीच्या दारात उभं राहून काय विचारायचं, ते या मुलांनीच आपल्याला शिकवून ठेवलंय.

पहिली गोष्ट विलायतेतली. १८८६ साली जॉन मिले या नामवंत चित्रकाराने आपल्या नातवाचं चित्र काढलं. कुरळ्या सोनेरी केसांचा चार-पाच वर्षांचा विली, साबणाचे बुडबुडे उडवून वर बघतोय. आजोबांनी नातवाचं काढलेलं साधं घरगुती चित्र. ते एका साप्ताहिकाच्या मालकाने विकत घेतलं, आणि त्याच्याकडून पेअर्स साबणाच्या कंपनीने. चित्राबरोबर ते छापायचे हक्कही कंपनीकडे गेले. कंपनीने चित्रात साबणाची एक वडी घातली आणि देशोदेशी त्याच्या प्रती वाटल्या. मिले यांना हे फारसं रुचलं नव्हतं म्हणतात, पण हक्क विकले गेल्यावर आजोबा करणार काय! तो विली मोठा झाला, इंग्लंडच्या आरमारात ॲडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोचला. युद्धं पाहिली, पुस्तकं लिहिली. पण लोक त्याला म्हातारपणापर्यंत 'बबल्स', म्हणजे बुडबुडे, याच नावाने ओळखत राहिले. चार वर्षांच्या पोराला कोणी विचारलं नव्हतं, आणि जन्मभराचं नाव मात्र चिकटलं.

याच काळात इंग्लंडमध्ये लहान मुलांना नाटकात कामाला लावण्यावरून मोठा वाद चालू होता. १८८९ साली मुलांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि सात वर्षांखालच्या मुलांना रंगभूमीवर बंदी आली. सात ते दहा वर्षांच्या मुलांना परवाना घेऊनच काम करता येईल असं ठरलं. म्हणजे मुलाच्या कामात आईबाप आणि मालक यांच्याखेरीज एक तिसरा माणूस हवा, जो फक्त मुलाचं बघेल, हा विचार तेव्हापासूनचा आहे. हा तिसरा माणूस लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे तेव्हा सिनेमा नव्हता, पण संगीत नाटकं जोरात होती. बायकांनी रंगमंचावर जाणं समाजाला मान्य नव्हतं, म्हणून गोड गळ्याची, नाजूक चेहऱ्याची मुलं नाटक मंडळ्यांना हवी असत. कोल्हापूरचे केशवराव भोसले यांतलेच. त्यांचा जन्म १८९० चा. वडील गेले, घरात ओढगस्त, आणि अगदी कोवळ्या वयात ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले. 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने त्यांचं नाव झालं. कंपनीचं बिऱ्हाड गावोगाव फिरायचं. मुलं तिथेच जेवायची, तिथेच झोपायची, तिथेच गाणं शिकायची. शाळा मागे राहायची. १९०८ साली केशवरावांनी हुबळीला स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली, तेव्हा त्यांचं वय अठराही नव्हतं. १९२१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. कोल्हापुरातल्या नाट्यगृहाला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. ते गुणी होते म्हणून आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे. पण ज्यांचा आवाज वयात येताना फुटला आणि ज्यांची गरज संपली, अशा मुलांचं पुढे काय झालं, ते कुठे लिहिलेलं सापडत नाही. मूल मोठं होणारच असतं, आणि ज्या धंद्याला फक्त मूलच हवं असतं, त्याच्या दृष्टीने मोठं होणं हा दोष ठरतो.

मग आला सिनेमा. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्यात रोहिदासाची भूमिका करायला मूल मिळेना. कथेत रोहिदासावर मरण येतं, आणि असं काम आपल्या लेकराला करू द्यायला कोण तयार होणार! शेवटी फाळक्यांनी आपल्याच मुलाला, भालचंद्रला, उभं केलं. पुढे 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झाली. या सगळ्यात सरस्वतीबाई फाळके कुठे होत्या? त्या फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनांशी झटत होत्या, आणि कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक रांधत होत्या. म्हणजे मुलगा काम करतोय तिथे आई हजर. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान मुलगी कमला, या मायलेकी एकत्र पडद्यावर आल्या. आपल्या सिनेमाचं बालपण असं घरातच गेलं. मूल, आईबाप आणि मालक एकाच पंगतीला जेवत होते. तिथे करार नव्हता, पण नजर होती.

सिनेमाचा धंदा वाढला तशी ही पंगत मोडली. त्याची सगळ्यात मोठी किंमत मोजली ती अमेरिकेतल्या एका मुलाने. त्याचं नाव जॅकी कूगन. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या 'द किड'मधला तो फाटक्या कपड्यांतला पोर आठवा. जॅकी तेव्हा सहा-सात वर्षांचा. तो जगभर गाजला. त्याच्या नावाच्या बाहुल्या निघाल्या, खाऊ निघाला. लहानपणी त्याने तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असं सांगतात. १९३५ साली त्याचे वडील मोटार अपघातात गेले. पैशांचा कारभार बघणारा माणूस पुढे त्याचा सावत्र बाप झाला. एकविसाव्या वर्षी जॅकीने स्वतःचे पैसे मागितले, तर घरून उत्तर आलं की तुझं काही नाही. त्या काळी तिथला कायदाच असा होता की अज्ञान मुलाची कमाई आईबापांची. १९३८ साली जॅकीने आई आणि सावत्र बापावर दावा लावला. खटला संपता संपता जेमतेम अडीच लाख डॉलर शिल्लक सापडले, आणि जॅकीच्या हाती आले सुमारे एक लाख सव्वीस हजार.

या खटल्याने लोक हादरले. १९३९ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की मुलाच्या कमाईचा काही भाग बाजूला ठेवलाच पाहिजे. तो आजही कूगन कायदा म्हणून ओळखला जातो. पण त्यात एक पळवाट होती. जे करार कोर्टापुढे मंजुरीला जात, त्यांनाच तो लागू होई. बाकीचे सुटत. ही पळवाट बुजायला साठ वर्षं लागली. २००० सालापासून तिथे नियम आला की मुलाची कमाई ही मुलाचीच मालमत्ता आहे, आणि एकूण रकमेचे १५ टक्के तरी त्याच्या नावाच्या बंद खात्यात गेलेच पाहिजेत.

तान्ह्या बाळांसाठी तर तिथले नियम आणखी बारीक आहेत. पंधरा दिवस ते सहा महिने वयाचं बाळ सेटवर दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त राहू शकत नाही. त्यातही प्रत्यक्ष काम फक्त वीस मिनिटं. डोळ्यांवर प्रखर दिवा एका वेळी तीस सेकंदांपेक्षा जास्त नाही. आणि बाळांसोबत परिचारिका हवी. विलायतेतल्या परवान्यात भेटलेला तो तिसरा माणूस इथे आपल्याला पुन्हा भेटतो.

आता शिशुआहाराच्या डब्यावरचं एक बाळ बघू. १९२८ साली अमेरिकेत गर्बर कंपनीने चित्रांची स्पर्धा लावली. डोरोथी होप स्मिथ या चित्रकर्तीने शेजारणीच्या काही महिन्यांच्या मुलीचं कोळशाने काढलेलं साधं रेखाटन पाठवलं. निवडलंत तर पूर्ण करून देईन, असं कळवलं. कंपनीला ते अर्धवट रेखाटनच आवडलं, आणि १९३१ मध्ये ते कंपनीचं बोधचिन्ह झालं. ती मुलगी म्हणजे ॲन टर्नर. मोठी होऊन ती शाळेत इंग्रजीची शिक्षिका झाली, पुढे तिने रहस्यकथा लिहिल्या. हे बाळ नेमकं कोण, याबद्दल लोक पन्नास वर्षं तर्क करत होते. कंपनीने तिचं नाव जाहीर केलं ते १९७८ साली. मधल्या काळात तिला एकदा एकरकमी पैसे मिळाले, तेवढेच. २०२२ साली, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. त्यांची तक्रार नव्हती, आयुष्य चांगलं गेलं. पण हिशेब लक्षात घ्या. चित्र नव्वद वर्षं राबलं, आणि मोबदला एकदाच मिळाला.

अशी कामं मिळवून देणाऱ्या एजन्सी याच सुमाराला सुरू झाल्या. न्यू यॉर्कमध्ये १९२३ साली जॉन रॉबर्ट पॉवर्स याने मॉडेल पुरवणारी एजन्सी काढली. १९४६ साली आयलीन फोर्ड आणि तिचा नवरा जेरी यांनी आपली एजन्सी घरातून सुरू केली आणि ती जगभर नावारूपाला आली. चांगल्या एजन्सीचं काम सोपं होतं. कामाची बोलणी करायची, पैसे वसूल करायचे, आणि त्यातून आपली टक्केवारी घ्यायची. मॉडेलला काम मिळालं तरच एजन्सीला पैसे. हा मूळ नियम ध्यानात ठेवला की आजच्या निम्म्या फसवणुकी तिथेच ओळखू येतात.

पण एजन्सी चांगली असली तरी शेवटी कागदावर सही आईचीच असते. ब्रूक शील्ड्स या अभिनेत्रीची गोष्ट त्यासाठी सांगते. अकरा महिन्यांची असताना ती साबणाच्या जाहिरातीत झळकली. दहा वर्षांची असताना, १९७५ मध्ये, एका छायाचित्रकाराने तिचे काही फोटो काढले. मोबदला ४५० डॉलर. आईने संमतिपत्रावर सही केली, आणि त्यात लिहिलं होतं की छायाचित्रकाराने हे फोटो हवे तसे, हवे तिथे वापरावेत. ब्रूक मोठी झाल्यावर तिला ते फोटो पुन्हा छापले जायला नको होते. ते लहान मुलीचे काढायला नको होते अशाच प्रकारचे होते. ती कोर्टात गेली. १९८३ साली न्यू यॉर्कच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने निकाल दिला, चार विरुद्ध तीन अशा मतांनी. आईने रीतसर सही केलेली आहे, मुलीला ती आता मोडता येणार नाही. मैत्रिणींनो, आईचं प्रेम कमी होतं असं मी म्हणत नाही. पण एका ओळीत मुदत लिहिली नव्हती, आणि त्या एका ओळीने मुलीचा 'नको' म्हणायचा हक्क गेला.

आता परत आपल्या घरी येऊ. आपल्या जाहिरातींतली सगळ्यात प्रसिद्ध दोन मुलं खरी मुलं नाहीतच. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी १९६६ साली कुंचल्यातून जन्मली. पारले-जी बिस्किटाच्या पुड्यावरची मुलगी म्हणजे आपल्या नागपूरच्या अमुक बाई, असं आपण कितीदा ऐकलं असेल! कंपनीच्या लोकांनी स्पष्ट सांगितलंय की ते १९६० च्या दशकात मगनलाल दहिया या कलावंताने काढलेलं चित्र आहे. काढलेल्या मुलीला ताप येत नाही, तिची शाळा बुडत नाही, आणि ती मोठी होऊन हिशेब मागत नाही.

खरी मुलं कामाला लागली ती पडद्यावर. 'बेबी' आणि 'मास्टर' ही नावापुढची बिरुदं आपल्या ओळखीची आहेत. प्रभातच्या १९४४ सालच्या 'रामशास्त्री'त अनंत मराठे आणि बेबी शकुंतला होते. १९५३ साली 'श्यामची आई' आला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक घेऊन गेला. त्यातला श्याम म्हणजे माधव वझे. ते शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटकाचे जाणते समीक्षक झाले. लहानपणी केलेलं काम आयुष्य खाऊन टाकत नाही, त्याची ही मोठी साक्ष. पण दुसरी बाजूही आहे. १९५० च्या दशकात हिंदी सिनेमात गाजलेल्या डेझी इराणी यांनी २०१८ साली जाहीरपणे सांगितलं की वयाच्या सहाव्या वर्षी, बाहेरगावच्या चित्रीकरणाला सोबत म्हणून धाडलेल्या माणसानेच त्यांच्यावर अत्याचार केला होता. साठ वर्षं हे मनात राहिलं. मुलाबरोबर कोण गेलं होतं, हा प्रश्न म्हणून पैशांच्याही आधी यायला हवा.

कायद्याचं आपल्याकडे काय होतं? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाने केलेला करार हा करारच नव्हे. मग मुलाच्या वतीने बापाने केला तर? १९४० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. एका अल्पवयीन मुलीच्या वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी करार केला होता की मुलगी काम करील आणि तिला पैसे मिळतील. निर्मात्याने भूमिका दुसरीला दिली आणि करार मोडला. मुलीच्या बाजूने दावा लावला, पण तो टिकला नाही. मुलीच्या शब्दालाच कायद्यात किंमत नाही, तेव्हा तिच्या नावाने केलेला हा करारही पोकळ, असं ठरलं. अमेरिकेत ब्रूकला आईच्या सहीने बांधून ठेवलं, तर मुंबईत या मुलीला वडिलांच्या सहीने काहीच मिळवून दिलं नाही. दोन्हीकडे नुकसान मुलीचंच झालं.

१ जानेवारी १९७६ ला दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, १९८२ मध्ये रंग आला, आणि साबण, सरबत, तेल, सगळ्यांना हसरी मुलं हवी झाली. १९८६ साली बालकामगार कायदा आला, पण त्यातलं मूल होतं ते हॉटेलातलं, फटाक्याच्या कारखान्यातलं. दिव्यांखाली बारा तास उभं असलेलं, कपाळावर टिकली लावलेलं मूल हेही काम करतंय, हे बराच काळ कोणाच्या मनात आलं नाही. आपण त्याला हौस म्हणत होतो.

एका बाबतीत मात्र आपला देश फार कडक राहिला. बाटलीच्या दुधाच्या डब्यांवर गुटगुटीत बाळ छापून आयांना भुलवलं जातं, आणि त्यापायी अंगावरचं दूध तोडलं जातं, हे जगभर दिसून आलं. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने याबद्दल संहिता केली आणि १९९२ साली आपण कायदा केला. शिशुदुधाच्या डब्यावर आई किंवा बाळाचं चित्र छापायला बंदी आली, त्या दुधाची जाहिरात करायलाही बंदी आली. २००३ मध्ये तो आणखी आवळला. तेव्हा कोणी तुम्हाला सांगितलं की तुमच्या बाळाला दुधाच्या पावडरीच्या डब्यावर चमकवतो, तर तिथूनच परत फिरा. त्या माणसाला एक तर कायदा माहीत नाही, नाहीतर तुम्हाला माहीत नसेल असं तो धरून चाललाय.

२०१६ साली बालकामगार कायदा बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी झाली, पण सिनेमा, मालिका, जाहिराती यांतल्या बालकलाकारांना अटी घालून सूट मिळाली. २०१७ च्या नियमांत त्या अटी लिहिल्यात, आणि त्या प्रत्येक आईने पाठ कराव्यात अशा आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती हवीच. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळेत खंड पडता कामा नये. काम जिथे होणार, तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची, आणि मुलांची यादी, आईबापांची संमती, मुलांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव, हे सगळं त्यांना लेखी द्यायचं. पाच मुलांमागे असा एक जबाबदार माणूस हवा. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जायचे आणि ते मूल सज्ञान झाल्यावर त्याला मिळायचे. शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला काम करायला लावायचं नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचना आणखी पुढे जातात. स्तनपान आणि लसीकरणाचा प्रचार सोडला, तर तीन महिन्यांखालचं बाळ कॅमेऱ्यापुढे आणूच नये, असं त्या सांगतात.

जॅकी कूगन कोर्टाची पायरी चढला त्याला ऐंशी वर्षं होत आली, तेव्हा त्याची दाद आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पोचली, असं म्हणायला हरकत नाही.

आता एजन्सी निवडायची वेळ. आधी पैशांचं बघा. एजन्सी दारातच नोंदणीचे, पोर्टफोलिओचे, ट्रेनिंगचे पैसे मागते का? कॅलिफोर्नियात काम मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेण्यावर २००९ च्या कायद्याने बंदी घातली, कारण शेकडो आया अशा फसल्या होत्या. आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. ज्याचं पोट नोंदणीच्या फीवर भरतंय, त्याला तुमच्या बाळासाठी काम शोधायची घाई नसते. आणि तान्ह्या बाळाला महागडा पोर्टफोलिओ कशाला? दोन महिन्यांत त्याचा चेहरा बदलतो. खिडकीच्या उजेडात मोबाईलवर काढलेले चार स्वच्छ फोटो पुरतात.

मग कागद बघा. फोटो कोणत्या वस्तूसाठी, कुठे छापणार, किती महिने वापरणार, मुदत संपल्यावर पुन्हा वापरला तर पुन्हा पैसे मिळणार का? संगणकावर त्यात फेरफार करणार का? 'हवे तसे, हवे तिथे, कायमचे' असे शब्द दिसले, तर बबल्स आठवा, ब्रूक आठवा, आणि पेन खाली ठेवा. कागद इंग्रजीत असेल तर घरी आणा, वाचून घ्या. आत्ताच सही करा, बाहेर दहा जणी थांबल्यात, असं म्हणणाऱ्याकडे तर मुळीच करू नका.

परवानगीचं विचारा. जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घेतली का, जबाबदार माणूस कोण, मुदत ठेवीची पावती कधी मिळेल? चांगली एजन्सी या प्रश्नांनी चिडत नाही, तिच्याकडे उत्तरं तयार असतात. तिने याआधी ज्या मुलांना काम दिलं, त्यांच्या आयांशी बोलायला मिळेल का, तेही विचारा.

आणि सोबतीचं ठरवा. मूल दिसेल आणि त्याचं रडणं ऐकू येईल इतक्या अंतरावर आई, बाप किंवा आजी हवीच. 'पालकांनी बाहेर बसावं' अशी अट असेल, तर ते काम आपलं नाही. बाळाची झोपेची वेळ, दुधाची वेळ, गरम दिवे, तोंडाला लावायचा रंग, हे सगळं आधी बोलून घ्या. बाळ रडायला लागलं तर काम थांबणार का, हे विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस हसला तर काय समजायचं ते तुम्ही समजाल.

घरातही एक बोलणं व्हायला हवं. हे पैसे कोणाचे? अडचण कोणाच्या घरी नसते! पण वीस टक्के ही कायद्याने सांगितलेली कमीत कमी रक्कम आहे, त्याहून जास्त ठेवायला कोणी अडवलेलं नाही. मूल बोलायला लागलं की प्रत्येक कामाआधी त्यालाही विचारा. 'नको' म्हणालं तर त्या दिवशी नको. पुढच्या खेपेला ते आपण होऊन हो म्हणेल, किंवा म्हणणार नाही. दोन्ही ठीकच.

मैत्रिणींनो, मुलांनी कॅमेऱ्यापुढे जाऊच नये असं मी म्हणत नाही. काही मुलांना ते खरंच आवडतं, आणि त्यातून चांगले कलावंत घडलेत. पण इतिहास एवढंच सांगतो की यातले काही नियम कोणीतरी मूल मोठं झालं आणि त्याने विचारलं, म्हणून झालेत. आपलंही मूल एक दिवस अठरा वर्षांचं होणार आहे. ते आपल्या फोटोंकडे बघेल आणि विचारेल, आई, यावर सही कोणी केली होती, आणि माझे पैसे कुठे आहेत? त्या दिवशी कपाटातून ठेवीची पावती आणि कराराचा कागद काढून त्याच्या हातात ठेवता आला पाहिजे. ज्या एजन्सीमुळे हे जमेल ती चांगली एजन्सी.